काचेच्या पेटीचं रजिस्टर

सरांचं आणि माझं पटणार नाही, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी पक्कं झालं. तेव्हा मी त्यांना लॅब दाखवत होते.

इंदौरच्या बाहेर राऊकडच्या एका खासगी कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक आहे. स्लाइडी धुवायच्या, सूक्ष्मदर्शकं पुसून कपाटात ठेवायची, प्रॅक्टिकलच्या आधी टेबलं मांडायची, खिडकीतल्या कुंड्या जगवायच्या, असं माझं काम. विभागप्रमुखाची जागा वर्षभर रिकामी होती. मग पुण्याहून हे सर आले. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात नेहमी एक लाल आणि एक निळं पेन. मराठी माणूस येतोय म्हणून खरं तर मला आनंद झाला होता. आमच्या विभागात मराठी बोलणारी मी एकटीच होते.

खिडकीशी आल्यावर मी म्हणाले, "सर, हे पौधे मागच्या बॅचच्या मुलींनी लावले होते. वर्षभर मीच पानी देऊन राहिली यांना."

सर थांबले. "रोपं," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना काही विचारायचंय. "काय सर?"

"पौधे नाही. रोपं. पानी नाही, पाणी. आणि 'देऊन राहिली' असं मराठीत काही नसतं. तुम्ही मराठीच ना?"

शेजारी दोन विद्यार्थिनी उभ्या होत्या. दोघी हिंदी बोलणाऱ्या. त्यांना शब्द कळले नाहीत, पण कुणी कुणाला झाडलं ते बरोबर कळलं. त्या खाली बघून हसल्या.

माझे पणजोबा संस्थानाच्या काळात दप्तरात कारकून म्हणून इंदौरला आले. तेव्हापासून आम्ही इथेच. आमच्या घरी आलूची भाजी होते, बटाट्याची नाही. सासरीही तेच. हे मराठी चुकीचं आहे असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. "पुण्याचे आहेत ना भिया, मग बरोबर आहे." इंदौरात 'भिया' बायकोलाही म्हणतात. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सरांशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं, आणि कामापुरतं बोलतानाही 'पौधे' हाच शब्द वापरायचा असं ठरवलं. त्यांनी तो प्रत्येक वेळी सुधारला. मी प्रत्येक वेळी पुन्हा वापरला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तपासणी समिती येणार होती. प्रत्येक विभागाने दाखवण्यासारखं काही तरी करावं, असं प्राचार्या मॅडमनी सांगितलं. सरांनी काचेची पेटी करायचं ठरवलं. पाच फूट लांब, छातीएवढी उंच. खालच्या भागात पाणी आणि पाण्यातल्या वनस्पती, वर ओल्या जंगलातल्या. मागच्या भिंतीवर झाडाच्या साली लावून त्यांवर शेवाळ, म्हणजे वनस्पतिशास्त्रवाले ज्याला मॉस म्हणतात ते. छताला चार बारीक फवारे, घड्याळाला जोडलेले. दर तीन तासांनी धुकं पडणार.

मला सर आवडत नव्हते, पण खोटं सांगणार नाही. त्यांनी ती पेटी स्वतःच्या हाताने केली. बाह्या वर करून दोन दिवस जमिनीवर बसले होते. साली अशा बसवल्या की सांधा दिसू नये. तळाला गोटे, त्यावर जाळी, जाळीवर कोळसा आणि नारळाचा भुसा, सगळं बेताने. नेच्यांबद्दल, म्हणजे फर्नबद्दल, त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं मला सात जन्मांत कळणार नाही. पान उलटं करून मागचे ठिपके बघितले की नाव सांगायचे. फरक एवढाच, की त्यांचे नेचे आयुष्यभर कागदात दाबलेले होते. जिवंत रोप रोज काय मागतं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

मला थोडंफार माहीत होतं, कारण मी बरीच रोपं मारून बसले होते. माझ्या घरी बैठकीत दोन फुटी टाकी आहे. मासे पाच-सहाच, बाकी सगळे पौधे. सुरुवातीला वर्षभर मी जे आणायची ते मरायचं. पानं काचेसारखी पारदर्शक व्हायची, काळी केसाळ बुरशी धरायची, नाही तर एका आठवड्यात विरघळून जायची. ज्या दुकानातून आणायची त्या दुकानदाराने शेवटी कंटाळून विचारलं, "भाभीजी, आप पानी कौन सा डालती हो?" मी म्हटलं बोरिंगचं. त्याने कपाळाला हात लावला. आमच्या भागातल्या बोरिंगच्या पाण्यात इतके क्षार, की गिझर दोन वर्षांत बसतो. तेव्हापासून मी नर्मदेचं नळाचं पाणी भरून एक दिवस उघडं ठेवते, त्यात आरओचं मिसळते, आणि मग टाकीत घालते. दिवा आठ तासांच्या वर चालू ठेवत नाही. एवढं केलं आणि मरणं थांबलं. यात काही विद्वत्ता नाही. पण ते कळायला मला वर्ष लागलं होतं.

म्हणून पेटीत रोपं लावायच्या दिवशी मी बोलले. सर पाण्याच्या भागात अनुबियास लावत होते. जाड, गडद पानांचं, हळूहळू वाढणारं रोप. त्याला जमिनीलगत आडवं वाढणारं जाड खोड असतं. सरांनी ते खोड बारीक खडीत पुरून टाकलं.

"सर, हे गाडायचं नसतं. खोड वर राहिलं पाहिजे, नाही तर सडतं. दगडाला बांधून द्या."

सात-आठ मुली भोवती होत्या. सर हात न थांबवता म्हणाले, "याला रायझोम म्हणतात. आल्याचा रायझोम कुठे असतो?"

"जमिनीत."

"हळदीचा?"

"जमिनीत. पण सर, सगळ्यांचं तसं नसतं ना."

"बाई," सर मुलींकडे बघून म्हणाले, आणि मुद्दाम हिंदीत वळले, "बाई के घर में फिश टैंक है. इसलिए वो हमको बॉटनी सिखा रही हैं."

मुली हसल्या. मी खडीची पाटी उचलून बाहेर गेले.

तीन आठवड्यांनी पाण्याला वास यायला लागला. सरांनी एक अनुबियास उपटलं तर खोड हातात चिखलासारखं आलं. मी लांबून पाहिलं. रविवारी ते एकटेच येऊन गेले असावेत, कारण सोमवारी उरलेली चारही रोपं काळ्या दोऱ्याने दगडांना नीट बांधलेली होती. इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण मी म्हणाले, "बांधले वाटतं सर, पौधे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. यावेळी शब्द सुधारला नाही. त्या नजरेनंतर आमच्यात उरलंसुरलं सौजन्यही गेलं.

खरं भांडण पाण्यावरून झालं. फवाऱ्यांच्या टाकीत लॅबच्या नळाचं, म्हणजे बोरिंगचं पाणी भरलं जात होतं. मी सरांना म्हणाले, की तळमजल्यावर पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे. मी रोज सकाळी एक कॅम्पर भरून वर आणत जाईन. वीस लिटरचा तो प्लास्टिकचा कॅन दोन जिने चढवणं सोपं नाही, पण मी आणणार होते.

"पिण्याचं पाणी?" सर म्हणाले. "उन्हाळा तोंडावर आला आहे. त्या आरओपुढे मुलं बाटल्या घेऊन रांगेत उभी असतात. आणि मी ते पाणी काचेवर उडवू?"

हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. आज मला तसं वाटतं. तेव्हा मला फक्त त्यांचा सूर ऐकू आला.

"मग नर्मदेचं भरू सर. पण बोरिंगचं नको. फवाऱ्याची तोंडं बंद होतील. मॉस जळेल."

"वनस्पतीला क्षार लागतात, बाई. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे."

मी गेले. पंधरा दिवसांत काचेवर पांढरे ठिपके दिसू लागले. मग पानांवर. मग भिंतीवरचं हिरवंगार मॉस कडेकडेने तपकिरी झालं. मी रोज ओल्या फडक्याने काच पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी ते ठिपके पुन्हा असायचे.

एका दुपारी तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. एका मुलीने विचारलं, "सर, मॉस क्यों सूख रहा है?" सर पेटीपाशी आले, वाकून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुणच नाही. जे तुमच्या ताब्यात दिलं ते मेलं."

वर्गातल्या मुलींना मराठी येत नव्हतं, पण 'हात' आणि 'मेलं' कळायला मराठी यावं लागत नाही. वर्षभर त्या खिडकीतल्या कुंड्या मी जगवल्या होत्या, विभागप्रमुख नसताना, कुणी सांगितलेलं नसताना.

"सर, मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणाले. "पाण्याचं सांगितलं होतं. खोडाचंही सांगितलं होतं."

"यापुढे मला तोंडी काही सांगायचं नाही," सर म्हणाले. "तुमचं तोंडी मला कळतही नाही. रजिस्टर करा. रोजचं तापमान, आर्द्रता, फवारे, दिवा, शेरा. मी शनिवारी बघून सही करीन."

मी त्याच दिवशी स्टोअरमधून लांब रजिस्टर काढलं आणि पट्टीने रकाने आखले. लॅबमध्ये इतकं सुबक काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं. रागात माझं अक्षर फार चांगलं येतं.

पहिले तीन आठवडे काही विशेष झालं नाही. मी लिहायची, सर शनिवारी येताना खिशातून लाल पेन काढायचे, पान उघडायचे आणि खाली सही करायचे. उभ्याउभ्याच. माझ्या लक्षात आलं की ते वाचत नाहीत. एकदा खात्री करावी म्हणून मी शेऱ्यात 'पौधे ठीक आहेत' असं लिहिलं. लाल पेन हातात असूनही त्यांनी त्या शब्दाला हात लावला नाही. तेव्हा मला पक्कं कळलं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. बाहेर लू, म्हणजे तापलेल्या वाऱ्याची झळ, चालू झाली होती. लॅबचा एसी दिवसभर चालायचा आणि एसीची हवा कोरडी असते. सोमवारी फवारे सुरू झाले तेव्हा डावीकडच्या दोन फवाऱ्यांतून नुसते थेंब पडत होते. क्षारांनी तोंडं धरली होती. मी लिहिलं : 'डावीकडचे दोन फवारे बंद.' मंगळवारी तिसरा बंद. बुधवारी चौथा. 'चारही फवारे बंद. पंप चालतो, पाणी येत नाही.'

सर रोज त्या खोलीत येत होते. पण त्यांची खुर्ची दाराकडे होती आणि पेटी पाठीमागे. पंपाचा आवाज वेळेवर यायचा, तेवढं त्यांना पुरायचं.

गुरुवारी सकाळी फिटोनिया पडल्या. फिटोनिया म्हणजे ती गुलाबी शिरांची छोटी पानं असलेली रोपं. पाणी कमी झालं की ती चक्कर आल्यासारखी एकदम आडवी होतात. वेळेवर पाणी दिलं तर तासाभरात उठतात. माझ्या कपाटात हातपंपाची फवारणीची बाटली होती, खिडकीतल्या कुंड्यांसाठी. आत पाणीही होतं. मी कपाट उघडलं, बाटली बघितली, आणि कपाट बंद केलं. रजिस्टरमध्ये लिहिलं : 'फिटोनिया आडव्या.'

मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हणाले असते की तोंडी सांगायला सरांनीच मनाई केली आहे. पण बाटली उचलायला मनाई नव्हती.

शुक्रवारी नेच्यांची टोकं करकरीत झाली. मॉस हात लावला की चुरा व्हायचं. शनिवारी सर आले, लाल पेन काढलं, पान उघडलं, सही केली. मी समोरच उभी होते. मला मजा येत होती. असं मला आयुष्यात त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि पुन्हा वाटू नये.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो पुन्हा हसेल. तो जेवता जेवता थांबला. "तुम्हा दोघांच्या लढाईत पौध्यांनी काय केलं?" तो म्हणाला.

"तू त्यांच्या बाजूने आहेस का?"

"मी कोणाच्याच बाजूने नाही. तू स्वतःच्या टाकीतलं एक पान पिवळं पडलं तर मला झोपू देत नाहीस, म्हणून विचारलं."

मी त्याच्याशीही रविवारभर बोलले नाही.

सोमवारी सर काही कारणाने पेटीकडे वळले. समितीला नऊ दिवस उरले होते. पेटीत पाच दिवसांपूर्वीचं जंगल वाळलेलं उभं होतं. त्यांनी आधी मोठ्याने माझं आडनाव घेतलं, मग रजिस्टर उचललं आणि आता मात्र वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. मला ते स्पष्ट दिसलं. त्यांना हवं ते सापडलं होतं.

"चला," ते म्हणाले. "प्राचार्यांकडे."

मॅडमच्या खोलीत आम्ही दोघं टेबलासमोर उभे राहिलो. सरांनी बसायला नकार दिला, म्हणून मीही बसले नाही. त्यांनी मागच्या सोमवारपासूनच्या नोंदी एकेक करून मोठ्याने वाचल्या, मराठीतून, आणि प्रत्येकीचा हिंदी अर्थ सांगितला. शेवटी म्हणाले, "मैडम, इनको सोमवार से पता था. इन्होंने जानबूझकर मरने दिया. ये लापरवाही नहीं है, ये दुश्मनी है."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सच है?"

"सर ने मुँह से कुछ भी बताने को मना किया था," मी म्हणाले. "लिखने को कहा था. मैंने लिखा."

"पता था कि सूख जाएगा?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार, माझ्याच अक्षरात होतं सगळं.

सरांनी हात पाठीमागे बांधले. मॅडमनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं, चष्मा लावला, पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "और ये शनिवार को साइन किसने किए हैं?"

सर वाकून आपलीच सही बघू लागले.

"सर, आपने पढ़ा था?"

"मैडम, वो रूटीन साइन..."

"यानी नहीं पढ़ा." मॅडमनी रजिस्टर बंद केलं. "इन्होंने लिखकर मारा, आपने बिना पढ़े मारा. मुझे नौ दिन में ये डिब्बा हरा चाहिए. दोनों मिलकर करेंगे. एक को भी छुट्टी नहीं मिलेगी. " मग त्या माझ्याकडे वळल्या. "और आपको मेमो मिलेगा."

मेमो मला एकटीलाच मिळाला. सरांना नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, जरी मेमोत लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता तरी.

पुढचे नऊ दिवस आम्ही एका खोलीत काम केलं आणि एकमेकांशी एक वाक्य बोललो नाही. बोलायचंच नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या. मी पहिली चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली : 'फवारे निंबूच्या सतात भिजत घातले आहेत.' क्षार सोडवायला निंबूचं सत, म्हणजे बाजारात मिळणारं सायट्रिक ॲसिड, सगळ्यात सोपं. ती चिठ्ठी परत आली. 'निंबूच्या सतात' याला लाल गोल, आणि बाजूला 'लिंबाच्या सत्त्वात'. दुसरी चिठ्ठी मी हिंदीत लिहिली. त्यांनी उत्तर इंग्रजीत दिलं. मग नऊ दिवस असंच चाललं. मी हिंदीत, ते इंग्रजीत. एका खोलीत दोन मराठी माणसं.

पण कामात त्यांनी कसर ठेवली नाही. फवारे भिजवून, सुईने टोकरून, उलट्या बाजूने पाणी सोडून मोकळे केले. दिव्याची वेळ मी सुचवली तेवढी कमी केली. मेलेलं मॉस त्यांनी चिमट्याने एकेक तुकडा करून काढलं, आणि सालीच्या खाचेत जिथे जिथे हिरवा ठिपका उरला होता तिथे हात लावला नाही. वाळलेल्या नेच्यांची पानं मी कापून टाकली, मुळं तशीच ठेवली. खालून नवी पानं मुठी वळून वर येतात हे दोघांनाही ठाऊक होतं, फक्त नऊ दिवसांत येतील का हे नव्हतं. फिटोनिया चार उठल्या, बाकी गेल्या.

पाणी आता आरओचंच आणायचं, असं मॅडमनी सांगून टाकलं होतं. मला वाटलं, कॅम्पर मलाच आणावा लागणार. पण दुसऱ्या सकाळी मी जिना चढत होते तर सर पहिल्या मजल्याच्या वळणावर कॅम्पर खाली ठेवून उभे होते. एक हात कमरेवर. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता. मी हात लावला असता तर दोघांत सहज वर गेला असता. मी त्यांच्या बाजूने वर निघून गेले. मागून कॅम्पर पायरीवर आदळल्याचा आवाज आला, मग पुन्हा. ते रोज आणत राहिले. मीही रोज बाजूने जात राहिले.

समिती आली त्या दिवशी पेटी पूर्ण हिरवी नव्हती. मागच्या भिंतीवर डावीकडे उघडी साल दिसत होती. पण धुकं पडत होतं, काच स्वच्छ होती आणि तीन नेच्यांना नवी पानं आली होती. सरांनी इस्त्रीचा सूट घातला होता. मी नवी साडी नेसले होते. आम्ही पेटीच्या दोन टोकांना उभे राहिलो, लग्नातल्या दोन बाजूंच्या वडीलधाऱ्यांसारखे.

समितीतले तिघं आत आले, मॅडम मागे. सरांनी तोंड उघडलं, तोच त्यातल्या एकाने काचेला नाक लावून विचारलं, "इसमें मछली नहीं है?"

"नहीं सर, ये वनस्पतियों के लिए..." सर म्हणाले.

"अच्छा, अच्छा. मछली डालिए. अच्छा लगेगा." आणि ते सूक्ष्मदर्शकांकडे वळले. सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नसतील.

ते गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्या क्षणी एकमेकांकडे बघून हसावं असं कुणालाही वाटलं असतं. सरांनी माझ्याकडे पाहिलंही. मला ते हसू येत होतं, ओठापर्यंत आलं होतं. मी फडकं उचललं आणि त्या माणसाच्या नाकाचा डाग काचेवरून पुसायला लागले. पुसून वळले तर सर गेले होते.

दोन वर्षं आम्ही तसेच राहिलो. पेटीची जबाबदारी कागदावर सरांची आणि हातात माझी, असं आपोआप झालं. मॉस पुन्हा भिंतभर पसरलं. सर कधी कधी मुलींना पेटीसमोर उभं करून नेच्यांबद्दल सांगायचे, आणि मी पाठमोरी उभी राहून ऐकायची, कारण ते छान सांगायचे. ते मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'सर'. बाकी चिठ्ठ्या. मग त्यांना महाराष्ट्रात दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली. निरोपाच्या समारंभात मी शेवटच्या रांगेत बसले आणि कचोरी खाल्ली. भाषणात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, ऑफिसमधल्या लोकांचेसुद्धा. माझे नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हात मांडीवर ठेवून बसण्यापलीकडे आणखी काही केलं नाही.

आता मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोनवर मेसेज आला. माझा नंबर त्यांच्याकडे अजून आहे याचंच मला नवल वाटलं. 'नमस्कार बाई. इथेही तशीच पेटी केली आहे. तीन वेळा मॉस लावलं, तीनदा गेलं. पाणी ठीक आहे. हवा कोंडत असावी असं वाटतं, तुमचं मत हवं होतं. जमल्यास तिथलं थोडं मॉसही पाठवाल का?' मराठी निर्दोष होतं. एकही चूक नव्हती.

हवाच कोंडत होती. वाचताच मला कळलं. झाकणाला मागे बोटभर फट ठेवली आणि एक छोटा पंखा लावला की झालं असतं. एका ओळीचं उत्तर होतं. मॉसही होतं, भरपूर. दर पंधरा दिवसांनी मी कात्रीने ते कमी करते आणि जास्तीचं टोपलीत टाकते.

नवऱ्याने मेसेज वाचला. "लिहून टाक ना," तो म्हणाला. "पौधे तर त्यांचेही पौधेच आहेत."

"लिहिते," मी म्हणाले.

ते लिहिणं अजून झालेलं नाही. दोन-तीनदा मेसेज उघडला, एकदा 'सर, झाकणाला' एवढं लिहिलंही, आणि मग पुसून टाकलं. त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. विचारलं तर मी काय करीन हे मला माहीत नाही, आणि ते विचारणार नाहीत हे मला चांगलं माहीत आहे.